फ्लूक ११६ मल्टिमीटर: न पेटणाऱ्या फर्नेससमोर घेतलेली परीक्षा

गॅस फर्नेस, म्हणजे गॅस जाळून घर गरम करणारी यंत्रणा, पेटली नाही की पहिला संशय इग्नायटरवर, म्हणजे गॅस पेटवणाऱ्या भागावर जातो. नवा मागवतात, बसवतात, आणि घर तसंच गार राहतं. मग ज्योत ओळखणारा फ्लेम सेन्सर बदलतात, मग सगळं चालवणारा कंट्रोल बोर्ड. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. खरा बिघडलेला भाग सगळ्यात शेवटी सापडतो, कारण तोवर कुणी काही मोजलेलंच नसतं.

फर्नेस पेटणं ही एक साखळी आहे. एका कडीचं काम झालं तरच पुढची कडी हलते. साखळी नेमकी कुठे अडली ते मल्टिमीटर सांगू शकतो, पण त्यासाठी त्याच्यात फर्नेसला लागणाऱ्या तीन-चार खास सोयी असाव्या लागतात. फ्लूक ११६ हा हीटिंग-कूलिंगच्या दुरुस्तीसाठीच काढलेला मीटर आहे. म्हणून त्याची पारख इथे फक्त याच कामावर केली आहे. पुढचे आकडे उत्तर अमेरिकेतल्या घरांत असते तशा १२० व्होल्टच्या, नैसर्गिक गॅसवरच्या, हॉट सरफेस इग्नायटर (विजेने लाल तापून गॅस पेटवणारा) असलेल्या फर्नेसचे आहेत.

आधी मीटरबद्दल थोडक्यात. ६००० काउंटचा (पडद्यावर जवळपास ६००० पर्यंत आकडे), ट्रू आरएमएस (एसीची लाट वाकडी असली तरी खरा आकडा देणारा), कॅट ३ ६०० व्होल्टचा सुरक्षा दर्जा, ९ व्होल्टची एक बॅटरी. नेहमीचे व्होल्ट, ओहम, कंटिन्युइटीची शिट्टी, कपॅसिटन्स हे सगळं आहेच. त्याशिवाय चार गोष्टी आहेत: ६०० मायक्रोअँपिअरपर्यंतची रेंज, तीही ०.१ मायक्रोअँपिअरपर्यंत बारीक वाचणारी; ऑटो-व्ही लो-झेड, म्हणजे कमी रोधाने व्होल्ट मोजणं; मिन-मॅक्स, म्हणजे सगळ्यात कमी आणि जास्त आकडा लक्षात ठेवणं; आणि सोबत येणारा तापमानाचा प्रोब. साधे अँपिअर मोजायची सोय मात्र अजिबात नाही. ही उणीव कुठे नडते ते पुढे येईलच.

मीटर हातात घेण्याआधी

गॅसचा वास येत असेल तर मोजमाप नाही, बटण नाही, फोनही घरात नाही. घराबाहेर पडायचं आणि बाहेरून गॅस कंपनीला कळवायचं. वास नसेल, पण फर्नेसने दोन-तीनदा पेटायचा प्रयत्न केलेला असेल, तर वीज बंद करून निदान पाच मिनिटं थांबायचं. आत साचलेला गॅस निघून गेला पाहिजे. ओहम आणि कंटिन्युइटी नेहमी वीज बंद करूनच. व्होल्ट चालू फर्नेसवर मोजावे लागतात. त्यासाठी दाराचा सेफ्टी स्विच टेपने दाबून धरायचा, आणि काम झालं की टेप आठवणीने काढायची. तो स्विच कायमचा दाबून ठेवलेली फर्नेस दार उघडं असतानाही चालते आणि घरात धूर ओढू शकते.

आणखी एक गोष्ट: वीज बंद करण्याआधी खालच्या दाराच्या काचेतून बोर्डवरचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजून घ्या. त्या संकेताचा अर्थ दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या तक्त्यावर असतो. काही बोर्ड वीज गेली की ही नोंद विसरतात, म्हणजे सगळ्यात स्वस्तात मिळणारी माहिती पहिल्याच मिनिटाला हातची जाते.

थर्मोस्टॅटपासून बोर्डपर्यंत: लो-झेडची गरज

साखळीची सुरुवात खोलीचं तापमान बघून फर्नेस चालू-बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटपासून होते. उष्णता हवी झाली की तो आर आणि डब्ल्यू या दोन वायर जोडतो आणि बोर्डच्या डब्ल्यूवर २४ व्होल्ट एसी येतात. मोजायला सोपं: एक प्रोब डब्ल्यूवर, दुसरा सी म्हणजे कॉमनवर.

घोळ इथेच होतो. साध्या मल्टिमीटरचा आतला रोध फार मोठा असतो, साधारण १० मेगओहम. थर्मोस्टॅटची वायर मधेच तुटलेली असली तरी तिच्या शेजारून २४ व्होल्टची दुसरी वायर गेलेली असते. तिच्यामुळे या मेलेल्या वायरवर ७ किंवा ११ व्होल्ट असा अर्धवट आकडा दिसतो. व्होल्ट येताहेत पण कमी पडताहेत असं वाटतं, आणि हे २४ व्होल्ट देणाऱ्या बिचाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर आळ येतो. लो-झेडमध्ये फ्लूक ११६ त्या वायरवर सुमारे ३ किलोओहमचा भार टाकतो. भुताचे व्होल्ट असतील तर आकडा लगेच शून्याजवळ कोसळतो. खरे २४ असतील तर २४ च राहतात. एसी की डीसी हेही डायलच्या त्या खुणेवर मीटर स्वतःच ठरवतो. भिंतीतली वायर उंदराने कुरतडली आहे की नाही, याचा निकाल भिंत न फोडता लागतो. हे काम मीटर फार चोख करतो.

पुढची खात्री मीटरशिवायही होते. वीज बंद करा, बोर्डवर आर आणि डब्ल्यूच्या मध्ये वायरचा छोटा तुकडा जोडा, वीज सुरू करा. फर्नेस पेटली तर दोष थर्मोस्टॅटचा किंवा त्याच्या वायरचा आहे.

आर आणि सी मध्ये २४ ते २८ व्होल्ट मिळालेच नाहीत तर बोर्डवरचा गाडीसारखा छोटा फ्यूज काढा. जांभळा असेल तर ३ अँपिअरचा, फिकट तपकिरी असेल तर ५ चा. कंटिन्युइटीवर शिट्टी वाजली नाही तर तो उडालेला आहे. नवा घालताना तितक्याच अँपिअरचा घाला. नवाही लगेच उडाला तर थर्मोस्टॅटच्या वायरमध्ये कुठेतरी शॉर्ट आहे. बऱ्याचदा वायर फर्नेसच्या पत्र्याला जिथे घासते तिथे, किंवा एअर कंडिशनरच्या बाहेरच्या युनिटकडे जाणाऱ्या जोडीत.

लो-झेडची एक सूचना. १२० व्होल्टची फेज आणि अर्थिंग यांच्यात लो-झेडने मोजू नका. ३ किलोओहममधून सुमारे ४० मिलिअँपिअर अर्थिंगकडे जातात आणि त्या लाइनवर जीएफसीआय (गळती दिसताच वीज तोडणारा स्विच) असेल तर तो पडतो. मग मुळात नसलेला बिघाड शोधत बसावं लागतं. तिथे साधी एसी व्होल्टची खूणच वापरा. आणि तिथे मोजायचंच, कारण फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले गेले असतील तर पुष्कळ बोर्डांना ज्योत दिसतच नाही. फेज ते अर्थिंग १२० च्या आसपास, न्यूट्रल ते अर्थिंग जवळजवळ शून्य: हे जुळलं की पुढे सरका.

इंड्यूसर आणि प्रेशर स्विच: मीटर अर्धंच सांगतो

२४ व्होल्ट मिळाले की बोर्ड आधी लिमिट (फार तापल्यास उघडणारा) आणि रोलआउट (ज्योत बाहेर आल्यास उघडणारा) हे सुरक्षा स्विच जुळलेले आहेत ना ते बघतो, आणि धुराची ओढ ओळखणारा प्रेशर स्विच उघडा आहे ना तेही. प्रेशर स्विच चिकटून बसलेला असेल तर धूर ओढणारा पंखा, म्हणजे इंड्यूसर, सुरूच होत नाही. सगळं ठीक असेल तर इंड्यूसर फिरतो, ओढ तयार होते आणि प्रेशर स्विच जुळतो.

स्विचच्या दोन्ही टोकांना आळीपाळीने सीच्या संदर्भात मोजा. इंड्यूसर फिरत असताना दोन्हीकडे २४ म्हणजे स्विच जुळलाय. एकीकडे २४ आणि दुसरीकडे शून्य म्हणजे उघडा आहे. मीटर इतकंच सांगू शकतो. का उघडा आहे हे तो सांगत नाही, आणि इथे बहुतेक जण स्विच खराब ठरवून नवा आणतात.

स्विच स्वतः खराब असणं तसं कमीच. रबरी नळी काढून बघा: तडा गेलाय का, आत पाणी साचलंय का. जास्त कार्यक्षमतेच्या कंडेन्सिंग फर्नेसमध्ये पाण्याचा निचरा करणारा ट्रॅप तुंबला की पाणी वर चढतं आणि ओढ मरते. इंड्यूसरच्या आवरणाला नळी जिथे बसते ते बारीक भोक गंजाने किंवा काजळीने बुजलेलं असतं. नळी काढून बारीक तारेने मोकळं करता येतं. बाहेर धुराच्या पाइपच्या तोंडाशी बर्फ, पानं, पक्ष्याचं घरटं. हे सगळं साफ असूनही स्विच जुळत नसेल तर ओढ प्रत्यक्ष मोजावी लागते. त्यासाठी मॅनोमीटर लागतो. फ्लूक ११६ ला दाब मोजता येत नाही, आणि हे यंत्र घेणाऱ्याने ते आधीच धरून चालावं.

प्रेशर स्विचच्या दोन वायर एकत्र जोडून फर्नेस चालवून बघणं कुणी सुचवलं तर ऐकू नका. तो स्विच धूर घराबाहेर जातोय याची एकमेव खात्री आहे.

इग्नायटर: ओहम, आणि मग व्होल्ट

वीज बंद, इग्नायटरचा प्लग काढलेला, मीटर ओहमवर. सिलिकॉन कार्बाइडचा, म्हणजे करडा, नागमोडी किंवा चपटा, खडूसारखा ठिसूळ इग्नायटर थंड असताना साधारण ४० ते ९० ओहम दाखवतो. सिलिकॉन नायट्राइडचा काडीसारखा आणि मजबूत असतो. त्याचा रोध मॉडेलप्रमाणे बराच बदलतो, म्हणून निर्मात्याने दिलेला आकडाच धरायचा. पडद्यावर ओएल (रोध मोजण्यापलीकडे) आलं तर तो तुटलेला आहे, मग वरून कितीही धडधाकट दिसो. कार्बाइडमधला केसाएवढा तडा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. अंधारात पेटताना त्या जागी एक पांढरा झगझगीत ठिपका दिसतो आणि पुढे काही दिवसांतच तो तिथे तुटतो.

मोजताना इग्नायटरच्या तापणाऱ्या भागाला बोट लावू नका. बोटाचं तेल तिथे डाग धरतं, तो भाग जास्त तापतो आणि तिथेच तडा जातो. नवा बसवतानाही त्याला बुडखा धरूनच हाताळायचं.

रोध ठीक आला म्हणून इग्नायटर सुटला असं नाही. आता चालू फर्नेसवर, प्लगच्या बोर्डकडच्या बाजूला, एसी व्होल्टवर मोजा. इंड्यूसर सुरू झाल्यावर, आतली हवा बाहेर काढून झाली की इग्नायटरला वीज मिळते. तापायला साधारण १५ ते ३० सेकंद दिलेली असतात, त्यामुळे घाई नसते. व्होल्ट आले आणि इग्नायटर लाल झाला नाही तर इग्नायटर गेला. व्होल्टच आले नाहीत तर त्याचा दोष नाही, मागे या.

काही बोर्ड इग्नायटरला पूर्ण १२० व्होल्ट देत नाहीत. ते एसीची लाट कापून कमी करून पाठवतात. साध्या सरासरीवर चालणाऱ्या मीटरचा आकडा तिथे फसतो. ट्रू आरएमएसचा उपयोग एरवी जाहिरातीपुरता वाटतो, इथे तो खरोखर होतो.

आता उणीव. जुना कार्बाइड इग्नायटर लाल होतो, पण गॅस पेटत नाही, असं पुष्कळदा होतं. वयानुसार त्याचा रोध वाढतो, प्रवाह घटतो, आणि तो नारिंगी होऊन थांबतो. थंड असतानाचा रोध तापल्यावर तसाच राहत नाही, त्यामुळे ओहमवरून अंदाज बांधणं कच्चं. इथे तापलेल्या इग्नायटरचा प्रवाह मोजायला हवा, आणि फ्लूक ११६ मध्ये अँपिअर नाहीत. इंड्यूसर आणि ब्लोअर (घरभर गरम हवा ढकलणारा पंखा) यांच्या मोटरींचा प्रवाहही याच कारणाने मोजता येत नाही. हे कंपनीला माहीत असावं, कारण ११६ आणि ३२३ क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणारा) असा जोडसंच मिळतो. नियमित दुरुस्ती करणाऱ्याने तो जोडच घ्यावा. घरच्या एका फर्नेसपुरतं घेणाऱ्याने क्लॅम्प नसला तरी काम निभेल. मोठ्या रोधाचा, मंद तापणारा जुना कार्बाइड इग्नायटर तसाही बदलायच्याच लायकीचा असतो.

गॅस व्हॉल्व्ह: चार सेकंदांची खिडकी

इग्नायटर तापला की बोर्ड गॅस व्हॉल्व्हला २४ व्होल्ट देतो. ज्योत दिसली तर ते टिकतात. नाही दिसली तर काही सेकंदांत काढून घेतो, साधारण चार ते सात सेकंदांत. एका हाताने प्रोब व्हॉल्व्हच्या टोकांवर धरायचे, दुसऱ्या हाताने टॉर्च, डोळे बर्नरवर, आणि तेवढ्यातच मीटरचा पडदाही वाचायचा! हे जमत नाही, म्हणून पुष्कळ जण ही पायरी गाळतात आणि व्हॉल्व्हवर अंदाजाने ठपका ठेवतात.

मिन-मॅक्स वापरलं की ही अडचण संपते. अॅलिगेटर क्लिप व्हॉल्व्हच्या दोन टोकांना लावा, एसी व्होल्टवर, २४ व्होल्ट बसतील अशी रेंज धरून, मिन-मॅक्स चालू करा आणि पूर्ण प्रयत्न होऊ द्या. तोवर लक्ष बर्नरकडे ठेवा: टक असा आवाज आला का, गॅसची फुसफुस ऐकू आली का. नंतर मीटरवर मॅक्स बघा. २४ च्या आसपास दिसलं तर बोर्डने आपलं काम केलं. गॅस तरीही आला नसेल तर व्हॉल्व्हवरचा चालू-बंद खटका, पाइपवरची चावी पाइपच्या रेषेत आहे का, घरातली दुसरी गॅसची उपकरणं चालतात का, हे तपासा. सगळं ठीक असेल तर व्हॉल्व्ह गेला. मॅक्स शून्याजवळ असेल तर बोर्डने व्होल्ट पाठवलेच नाहीत, व्हॉल्व्ह बदलून काहीही होणार नाही.

गॅसचा दाब मात्र हा मीटर सांगत नाही. नैसर्गिक गॅसवर मॅनिफोल्डचा, म्हणजे व्हॉल्व्हकडून बर्नरकडे जाणाऱ्या पाइपमधला, दाब सर्वसाधारणपणे ३.५ इंच वॉटर कॉलम, प्रोपेनवर १०. तो मोजणं आणि व्हॉल्व्हचा स्क्रू फिरवणं हे परवानाधारक तंत्रज्ञाचं काम आहे.

फ्लेम सेन्सर: ज्यासाठी हा मीटर घ्यावा

बर्नर पेटतात, तीन-चार सेकंद छान निळी ज्योत दिसते, आणि सगळं विझतं. पुन्हा तेच. तीन प्रयत्नांनंतर बोर्ड लॉकआउटमध्ये जातो, मग तास-दोन तास काही नाही. न पेटणाऱ्या फर्नेसच्या तक्रारींत हे दृश्य फार नेहमीचं आहे, आणि इथे इग्नायटरचा काही संबंध नाही.

फ्लेम सेन्सर म्हणजे शेवटच्या बर्नरच्या ज्योतीत उभी असलेली एक धातूची सळई, चिनी मातीच्या बुडख्यात बसवलेली, तिला एकच वायर. बोर्ड त्या सळईवर एसी व्होल्ट ठेवतो. ज्योत आयनांनी भरलेली असल्यामुळे वीज वाहून नेते. पण सळई बारीक आणि तिच्या समोरचा अर्थ केलेला बर्नर मोठा, म्हणून एका दिशेला प्रवाह जास्त जातो आणि दुसऱ्या दिशेला कमी. बोर्डला यातून थोडा डीसी मिळतो. हा डीसी म्हणजेच ज्योत आहे याचा पुरावा. प्रमाण किती? साधारण १ ते ६ मायक्रोअँपिअर. एका अँपिअरचे दहा लाख भाग केले तर त्यातले मूठभर. पुष्कळ बोर्ड अर्ध्या ते एक मायक्रोअँपिअरच्या खाली गेल्यावर ज्योत नाही असं ठरवतात आणि गॅस तोडतात.

मोजायची रीत: वीज बंद करा. सेन्सरची वायर उपसा. मीटरची एक क्लिप सेन्सरच्या टोकाला, दुसरी सुटलेल्या वायरला, म्हणजे मीटर मालिकेत बसला. खूण मायक्रोअँपिअरवर, आणि पडद्यावर डीसी आहे ना ते नीट बघा. मिन-मॅक्स सुरू करा. क्लिप पत्र्याला टेकत नाही ना तेही बघा, नाहीतर सगळा प्रवाह पत्र्यातूनच जाईल. मग फर्नेसला पेटू द्या. आकड्यापुढे उणे चिन्ह आलं तर क्लिप उलट लागल्या आहेत, एवढंच.

आकडे वाचताना नुसता एक आकडा नाही, त्याची चाल बघायची. २.८ वर स्थिर असेल तर सेन्सर निरोगी. ०.६ च्या आसपास घुटमळत असेल तर सळईवर थर जमलाय. सळई काढा, बारीक स्टील वूलने हलक्या हाताने घासा, कोरड्या फडक्याने पुसा, पुन्हा बसवा आणि पुन्हा मोजा. जाडसर सँडपेपर नको. त्याचे ओरखडे पडतात आणि त्यांत थर लवकर धरतो. चिनी मातीला तडा असेल तर साफ करून उपयोग नाही, सळई बदला.

साफ करूनही आकडा वर आला नाही तर? नवीन सळई मागवण्याआधी अर्थिंग बघा. बर्नरच्या पेटीला गंज, सैल स्क्रू, बोर्डची हिरवी वायर सुटलेली. प्रवाह सळईतून ज्योतीत आणि ज्योतीतून बर्नरमार्गे परत बोर्डकडे जातो; परतीची वाट खराब असेल तर नवीकोरी सळईही ०.५ च दाखवते. ओहमवर बर्नर आणि बोर्डच्या अर्थिंगमध्ये जवळजवळ शून्य यायला हवं. दुसरं कारण म्हणजे ज्योतच सळईला नीट वेढत नाही: बर्नरमध्ये कोळ्याचं जाळं, गंजाचे पापुद्रे, सळई वाकलेली.

मिन-मॅक्सने दिसणारी एक गोष्ट साध्या वाचनात निसटते. पहिले तीस-चाळीस सेकंद आकडा ३ वर स्थिर, आणि मोठा ब्लोअर सुरू होताच ज्योत डोलते, आकडा झपकन खाली येतो. ब्लोअरची हवा ज्योतीपर्यंत पोचता कामा नये. पोचत असेल तर हीट एक्स्चेंजरला (ज्वाळा आणि घरची हवा वेगळी ठेवणारा धातूचा भाग) तडा असण्याचा दाट संशय आहे, आणि तिथून कार्बन मोनॉक्साइड घरच्या हवेत मिसळू शकतो. फर्नेस बंद करा आणि तज्ज्ञाला बोलवा. सेन्सर घासून ही फर्नेस चालवत राहू नये.

या कामात फ्लूक ११६ चं वाचन स्थिर आणि भरवशाचं आहे. त्यात साधी अँपिअरची तिसरी खोबणच नसल्यामुळे तारा चुकीच्या खोबणीत राहून घोटाळा होण्याची भीतीही नाही. खूण मायक्रोअँपिअरवर असताना प्रोब व्होल्टवर टेकवायचे नाहीत, हे मात्र पाळावंच लागतं.

स्वस्त मीटरबद्दलही बोलायला हवं. काही अगदी साध्या मीटरवर २०० मायक्रोअँपिअरची डीसी रेंज असते आणि तीवर ०.१ पर्यंत वाचता येतं. तेवढी असेल तर फ्लेम सेन्सर त्यावरही मोजता येईल. ज्या मीटरची सगळ्यात लहान रेंज २ किंवा २० मिलिअँपिअर असते, त्यावर हे मोजमाप होत नाही. ज्यांच्याकडे पहिल्या प्रकारचा मीटर आहे आणि लो-झेड वा मिन-मॅक्सची गरज वाटत नाही, त्यांना केवळ सेन्सरसाठी हा घ्यायची घाई नाही. १२० व्होल्टवर मोजायला मात्र अशा मीटरची तार, खोबण आणि सुरक्षा दर्जा नीट तपासून घ्या.

तापमान

सोबतचा प्रोब सेल्सिअस आणि फॅरनहाइट दोन्हींत वाचतो. फर्नेस पेटते, काही मिनिटांनी बर्नर विझतात आणि ब्लोअर चालूच राहतो, तेव्हा लिमिट स्विच तापून उघडला असावा. आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा यांचं तापमान मोजून फरक काढा. फर्नेसच्या पाटीवर किती फरक चालतो ते लिहिलेलं असतं. त्याहून जास्त आला तर हवा कमी वाहतेय: फिल्टर बुजलाय, व्हेंट बंद केलेत किंवा ब्लोअर मंद फिरतोय. प्रोब एकच असल्याने दोन वाचनं पाठोपाठ घ्यावी लागतात, आणि तो व्होल्टच्या खोबणीतच लागत असल्यामुळे त्या वेळी दुसरं काही मोजता येत नाही. चालण्यासारखं आहे.

घ्यायचा तर

नुसते टोकदार प्रोब या कामाला पुरत नाहीत. अॅलिगेटर क्लिपची जोडी लगेच घ्या, तिच्याशिवाय सेन्सरचं मोजमाप म्हणजे तिसरा हात शोधणं. मागे अडकवायचा चुंबकी पट्टा वेगळा मिळतो. फर्नेसच्या पत्र्यावर मीटर लटकवून दोन्ही हात मोकळे राहतात, म्हणून तोही कामाचा. पडद्यामागचा पांढरा उजेड तळघरातल्या अंधारात पुरेसा आहे.

स्पार्कवर पेटणाऱ्या किंवा पायलट (सतत जळणारी छोटी ज्योत) असलेल्या जुन्या फर्नेसला यातल्या इग्नायटरच्या चाचण्या लागू होत नाहीत. पायलटची ज्योत ओळखणाऱ्या थर्मोकपलच्या मिलिव्होल्टसाठी मात्र मीटरवर खूण आहे.

मीटर घेतल्यावर पहिलं काम फर्नेस धडधाकट असतानाच करा. थंडी सुरू व्हायच्या आधी सेन्सरचे मायक्रोअँपिअर, आर-सी मधले व्होल्ट आणि थंड इग्नायटरचे ओहम मोजून, तारखेसह, दाराच्या आतल्या बाजूला टेपवर लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तिथे २.९ च्या खाली १.४ लिहावं लागलं, तर सळई घासायची वेळ कधी आली ते फर्नेस बंद पडण्याआधीच कळेल.